ऑफर लेटरमधलं कंपनीचं किती आणि आपलंच किती?

पारिजातक

माझ्या भाचीला परवा नोकरीचं पत्र आलं. पुण्यातली नावाजलेली कंपनी, पहिलीच नोकरी, घरात पेढे वाटून झाले. पत्रावर नऊ लाखांचा आकडा ठळक छापलेला होता, त्यामुळे ताई-भावोजींनी लगेच बारानं भागून महिना पंच्याहत्तर हजार धरले. मी एका सहकारी बँकेत चोवीस वर्षं पगारपत्रकं केली. मला आकड्याखालचं पान आधी बघायची सवय.

त्या पानावर मूळ पगार वर्षाला ३ लाख. व्हेरिएबल ९० हजार, म्हणजे कंपनीचं आणि तिचं, दोघांचंही वर्ष चांगलं गेलं तर मिळणारे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६ हजार, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना एकदम मिळणारी रक्कम) १४,४३०, आरोग्य विम्याचा हप्ता ९,५७०. हे दीड लाख बाजूला काढले की साडेसात लाख उरतात, महिन्याला ६२,५००. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५९,३००. पहिल्या नोकरीला हा पगार चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला खटकलं ते पत्रासोबत आलेलं रंगीत पुस्तक. पीएफ, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा, पाळणाघर, ही सगळी यादी "आम्ही तुमची काळजी घेतो" या मथळ्याखाली, आणि शेवटच्या पानावर संस्थापकांचा हसरा फोटो. पीएफ १९५२ च्या कायद्यानं आला, ग्रॅच्युइटी १९७२ च्या. २६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीनं झाले आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं त्याच दुरुस्तीनं बंधनकारक झालं. हे दिलं नाही तर कंपनीवर कारवाई होते. भाचीला मात्र वाटतंय, केवढी चांगली माणसं! तिचा आनंद मला मोडायचा नाही. पण हक्काची वस्तू कुणी भेट म्हणून हातात ठेवली की आपण आभार मानतो, आणि आभार मानणारा माणूस पुढे काही मागायला कचरतो. बँकेत मी हे फार जवळून पाहिलंय.

तुमचे अनुभव लिहा. कंपनीनं आपणहून दिलेलं असं काय मिळालं, आणि नोकरी सोडताना त्यातलं हातात काय राहिलं?

लेखापाल

ताई, एक दुरुस्ती. तुम्ही म्हणता ते कायदे आता स्वतंत्र राहिलेले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटी, मातृत्व लाभ वगैरे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. हक्क तेच आहेत, दोन गोष्टी बदलल्या. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्याला ग्रॅच्युइटी आता एका वर्षानंतर मिळते, कायम नोकरीवाल्याला पूर्वीप्रमाणे पाच वर्षं. दुसरं म्हणजे वेतनाची व्याख्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. तुमच्या भाचीचा मूळ पगार एक तृतीयांश आहे, तेव्हा ग्रॅच्युइटी नेमकी कशावर मोजणार हे तिनं रुजू होण्याआधी लेखी विचारावं.

आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत (कंपनीला पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात) दाखवण्याबद्दल. भाचीचे १४,४३० म्हणजे मूळ पगाराचे ४.८१ टक्के. वर्षामागे १५ दिवसांचं वेतन आणि महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून हा आकडा १५ भागिले २६ भागिले १२ असा येतो. कंपनी तो दरवर्षी तुमच्या पॅकेजमध्ये मोजते, पण पाच वर्षांच्या आत सोडलंत तर त्यातला एक रुपया तुमचा होत नाही. ज्या धंद्यात पोरं दोन-तीन वर्षांत नोकऱ्या बदलतात तिथे ही रक्कम बहुतेकांच्या पत्रावर असते आणि थोड्यांच्याच खात्यात पोचते.

डेक्कन_क्वीन

मी दुसरी बाजू मांडते. सरसकट सगळ्या संस्थापकांना एका पारड्यात टाकू नका. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सात जणांनी सुरू केली, १०,००० रुपये भांडवलावर. १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर बाजारात आणला आणि १९९४ पासून कर्मचाऱ्यांना ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावानं कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, दिले. तेव्हा भारतात हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नव्हता आणि तसं करायला कुठल्या कायद्यानं सांगितलं नव्हतं. साध्या पगारदार घरांतली कितीतरी माणसं त्या शेअरवर घर बांधून, मुलं शिकवून मोकळी झाली. आमच्या सोसायटीत अशी दोन कुटुंबं आहेत. याला औदार्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

सह्याद्रीवारा

डेक्कन_क्वीन, ते औदार्य होतंच, मी मान्य करतो. पण त्याला तीस वर्षं झाली. त्यानंतरचं बोलू.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी चार महिन्यांच्या नातवाला १५ लाख शेअर दिले, तेव्हाच्या भावानं सुमारे २४० कोटींचे. नातवाला काय द्यावं हा त्यांचा प्रश्न, पैसा त्यांचा आहे, व्यवहार चोख आहे. कंपनीच्या सीईओंचं २०२४-२५ चं मानधन ८० कोटींच्या वर गेलं. आणि मोठ्या आयटी कंपन्यांतल्या सर्वसाधारण फ्रेशरचं पॅकेज? मी २०१२ साली लागलो तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास होतं. माझ्या धाकट्या चुलतभावाला दशकभरानंतर साडेतीन लाख मिळाले. मधल्या काळात हिंजवडीतल्या एका खोलीचं भाडं कुठून कुठे गेलं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

७० तास ऐकून मला राग आला नाही, वाईट वाटलं. संस्थापक ७० तास राबला तेव्हा तो स्वतःच्या मालकीच्या कंपनीसाठी राबला, प्रत्येक जादा तासाचं मोल त्याच्या शेअरमध्ये जमा झालं. माझ्या भावाच्या जादा तासाचं मोल कुठे जमा होणार, एवढंच मला त्यांना विचारायचं आहे.

चाकणकर

तुम्ही सगळे आत बसणाऱ्यांचं बोलताय. मी बाहेरच्यांचं सांगतो.

२०१७ ते २०१९ मी एका मोठ्या कारखान्यात नीम (सरकारी प्रशिक्षण योजना) ट्रेनी होतो. नाव ट्रेनी, काम लाईनवर कायम कामगाराच्या शेजारी, तेच मशीन, तीच शिफ्ट. पगाराला स्टायपेंड म्हणायचे, त्यामुळे पीएफ नाही. शेजारच्याला युनियनचा करार, बोनस, बायको-पोरांचा विमा. त्याचं मला वाईट नाही वाटायचं, तो पंधरा वर्षं घासून तिथे पोचला होता. पण कंपनीच्या वार्षिक दिवसाला मोठे साहेब आले, माईकवर म्हणाले की इथला प्रत्येक कामगार माझ्या घरचा माणूस आहे. आम्ही साठ-सत्तर पोरं मागे उभी होतो. दोन वर्षांनी मुदत संपली, एक प्रमाणपत्र मिळालं आणि गेटपास जमा करून घेतला.

भाचीच्या कंपनीत झाडलोट करणाऱ्या मावशी, गेटवरचे वॉचमन, बसचे ड्रायव्हर कुणाच्या पगारावर आहेत ते बघा एकदा. रंगीत पुस्तकात त्यांचा फोटो असेल, त्या यादीत ते नसतील.

पारिजातक

चाकणकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या बँकेतही शिपाई कंत्राटी झाले त्या वर्षी दिवाळीच्या मिठाईचे डबे दोन प्रकारचे आले होते. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

नागपुरी_संत्रं

आमच्या नागपूरची गोष्ट यात आलीच पाहिजे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड निघाला, १८९५ मध्ये अपघात झालेल्यांना भरपाई मिळू लागली. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ ला आठ तासांचा दिवस, १९२० ला भरपगारी रजा आणि कामगारांचा पीएफ, १९२८ ला बाळंतपणाचा लाभ. देशाच्या कारखाना कायद्यात आठ तास यायला त्यानंतर बराच काळ गेला. म्हणजे कायद्याच्या आधी मालकानं दिलं असं आपल्याच मातीत घडलं आहे. आज टाटा सन्सचा सुमारे ६६ टक्के हिस्सा ट्रस्टांकडे आहे. घराण्याकडे असता तर देशातल्या सगळ्यात श्रीमंतांच्या यादीत त्यांचंच नाव वर राहिलं असतं. शंका घ्या, पण शंकेलाही मोजमाप पाहिजे.

गिरणगाव

नागपुरी_संत्रं यांनी जे लिहिलं ते सगळं खरं. त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं ते मी सांगतो, माझ्या तीन पिढ्या परळ-लालबागच्या.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या वाचा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत काहीतरी वेतन. एवढंच. रविवार मिळायला १८९० चा जून उजाडला. सहा वर्षं एका सुट्टीसाठी! बाळंतपणाच्या रजेचं म्हणाल तर मुंबई प्रांताचा कायदा १९२९ चा. त्याच्या विधेयकाच्या बाजूनं कायदेमंडळात बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

एका चांगल्या मालकानं दिलं ते त्याच्या आवारातल्या लोकांना मिळालं. लढून मिळवलं ते सगळ्यांना मिळालं, ज्यांचा मालक वाईट होता त्यांनाही. माझा जीव या दुसऱ्या गोष्टीत जास्त गुंतलाय. माझे वडील १९८२ च्या संपात होते, तेव्हा लढून हरणं काय असतं तेही घरानं पाहिलंय. अडीच लाख माणसं १८ जानेवारीला बाहेर पडली आणि कितीतरी जण परत आत गेलेच नाहीत. आई खाणावळ चालवून घर चालवायची. तरीही वडील शेवटपर्यंत म्हणायचे की मागायला गेलो त्याचा पश्चात्ताप नाही.

बे_एरियातली

इकडचं थोडं. माझ्या आधीच्या कंपनीत अनलिमिटेड रजा होती. मैत्रिणींना हेवा वाटायचा. कॅलिफोर्नियात साठलेली रजा हे वेतन धरतात, नोकरी सुटताना त्याचे पैसे द्यावेच लागतात. पण रजा अमर्याद म्हटली की साधारणपणे खात्यावर साठतच नाही. २०२३ च्या जानेवारीत एका सकाळी मेल आला आणि लॅपटॉप बंद झाला. आठ वर्षांत मी वर्षाला जेमतेम दहा दिवस रजा घेतली होती, कारण कोण किती घेतं ते सगळे एकमेकांचं बघत असतात. हातात रजेचे शून्य डॉलर. न मुरलेले आरएसयू (टप्प्याटप्प्यानं मिळणारे कंपनीचे शेअर) गेले. एच-१बी व्हिसा असल्यानं ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची होती. फुकट जेवण, जिम, मसाज या सगळ्याचा मला तेव्हा काय उपयोग होता? आई पुण्याहून फोनवर विचारत होती, अगं, एवढी मोठी कंपनी, काहीतरी देतीलच ना. सेव्हरन्स (कामावरून कमी करताना दिलेली रक्कम) दिला, तो चांगला होता, हे प्रामाणिकपणे सांगते.

कागदी_शेअर

ईसॉपबद्दल लिहितो, कारण भाचीच्या पिढीला हे गाजर जास्त दाखवतात.

एका स्टार्टअपमध्ये चार वर्षं होतो. बाजारापेक्षा कमी पगार घेतला कारण हजार ऑप्शन मिळाले होते. सोडताना कळलं की ९० दिवसांत ते विकत घ्यायचे, नाहीतर रद्द. किंमत १० रुपये, म्हणजे दहा हजार, ते सोपं होतं. पण कंपनीचं मूल्यांकन शेअरला ९१० धरलेलं. म्हणजे मधले नऊ लाख रुपये आयकराच्या नजरेत माझा पगार. ३० टक्के आणि सेस धरून २ लाख ८० हजार ८०० रुपये कर, तोही अशा कागदावर जो मी कुठेच विकू शकत नव्हतो. २०२० च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलायची सोय केली, पण ती ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपनाच आहे, आणि नोकरी सोडली की तीही संपते. माझ्याकडे पैसे नव्हते, वडिलांचं ऑपरेशन झालेलं. ऑप्शन सोडून दिले. पुढच्या वर्षी मूल्यांकन कोसळलं, तेव्हा वाटलं की सुटलो. पण ती चार वर्षं कमी पगारावर काढली ती कुठे गेली?

संस्थापकांनी मधल्या फेरीत आपले काही शेअर गुंतवणूकदारांना विकून पैसे काढले होते. आम्हाला ती खिडकी कधी उघडली नाही. ऑफर हातात असेल तर तीन गोष्टी विचारा: सोडल्यावर किती दिवस, कर कुणी कधी भरायचा, आणि आजवर कर्मचाऱ्यांकडून कंपनीनं शेअर परत कधी घेतले. तिसऱ्याचं उत्तर गोलगोल आलं तर त्या ऑप्शनची किंमत शून्य धरून पगाराची घासाघीस करा.

भोसरीचा_वर्कशॉपवाला

मी मालक आहे, छोटा. २२ माणसं. सगळ्यांचा पीएफ भरतो, ग्रॅच्युइटीसाठी एलआयसीची योजना घेतली आहे. मागच्या पाच वर्षांत दोनदा घरचं सोनं गहाण ठेवून पगार केले आहेत, तेव्हा मालक म्हटला की शोषण करणारा, असं कुणी लिहू नये ही विनंती.

पण या धाग्यात अजून न आलेली गोष्ट सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या सुविधांचा एक भाग आमच्या बिलांतून येतो. माल गेल्यावर ४५ दिवसांत पैसे द्यावेत असं २००६ च्या कायद्यात आहे. मी १२० दिवस थांबलेलो आहे. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. त्या चार महिन्यांत मी माझा पैसा त्यांना वापरू देतो आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज मी भरतो. त्या व्याजात माझ्या पोरांचा विमा बसला असता. २०२४ पासून आयकरात नियम आला की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं वेळेत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. थोडा फरक पडलाय. काही ठिकाणी मात्र उलट झालं, आमच्यासारखे नोंदणी असलेले सोडून दुसरीकडे ऑर्डर वळवल्या. कॅम्पसवरचा पोहण्याचा तलाव बघताना याचाही विचार करा.

सह्याद्रीवारा

दादा, हे मला खरंच माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

आकडेमोड

ज्यांना आपल्या कंपनीबद्दल मत बनवायचं आहे त्यांनी भाषणं सोडून वार्षिक अहवाल उघडा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचं मानधन मध्यम (पगारांच्या रांगेत बरोबर मधल्या) कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे ते जाहीर करावं लागतं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांच्या ९० तासांच्या बोलण्यावरून गदारोळ झाला, तेव्हा लोकांनी हेच पान उघडलं: २०२३-२४ चं मानधन ५१ कोटी, मध्यम पगाराच्या ५३४ पट.

पण त्याच कंपनीचं शेअरहोल्डिंगचं पानही बघा. तिथे सर्वांत मोठ्या भागधारकांत एल अँड टी एम्प्लॉईज ट्रस्ट आहे, सुमारे १४ टक्के. २००३ साली सिमेंट व्यवसाय बिर्लांच्या ग्रासिमकडे गेला, तेव्हा ग्रासिमकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टनं घेतले. कंपनी कुणा घराण्याच्या हातात जाऊ नये म्हणून. एकाच कंपनीत या दोन्ही गोष्टी आहेत. विप्रोचंही तसंच. प्रेमजींनी कंपनीतल्या ६७ टक्के हिश्श्याचं उत्पन्न शिक्षणाच्या कामाला दिलं, देशात तोड नाही. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं. दानाचा आकडा मोठा आहे म्हणून ती मुलं गप्प बसावीत असं मला वाटत नाही. मुलांवर अन्याय झाला म्हणून दान खोटं ठरतं असंही नाही.

डेक्कन_क्वीन

आकडेमोड यांच्याशी सहमत. माझं म्हणणं थोडं बदलते: कृतज्ञता एका कृतीबद्दल असावी, माणसाबद्दल कायमची नको.

लेखापाल

विम्याचं राहिलं, ते महत्त्वाचं आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. आई-वडिलांना मधुमेह असेल तर नवीन वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी सोडायच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करा, म्हणजे काढलेला काळ मोजला जातो. एचआर हे आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला कालच धागा वाचायला दिला. तिनं एचआरला मेल लिहिला: ग्रॅच्युइटी कशावर मोजणार, जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यायचा, आणि गेल्या तीन वर्षांत व्हेरिएबल सरासरी किती टक्के मिळालं. ताईला भीती वाटत होती की ऑफर काढून घेतील. आज उत्तर आलं. पहिल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं आहेत, तिसऱ्याला "ही माहिती देता येत नाही". तिनं व्हेरिएबल शून्य धरून खर्चाची वही केली आहे. सोमवारी रुजू होतेय. चाकणकर, वॉचमनकाकांबद्दलही ती विचारणार आहे म्हणाली, पण आधी ओळख होऊ दे.

पावसाळी_ढग

मी इतके दिवस नुसतं वाचत होते. माझी एका कंपनीत कायम नोकरी, ४ वर्षं ३ महिने झालेत. मूळ पगार ४० हजार. दुसरीकडून ऑफर आहे, फार मोठी नाही, महिना तीन हजार जास्त. सोडू का?

लेखापाल

पाच वर्षं भरली की तुम्हाला ग्रॅच्युइटी मिळेल. ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५ केले की १,१५,३८४ रुपये येतात, आणि नव्या व्याख्येनं तुमचं वेतन जास्त धरलं गेलं तर आणखी. तीन हजारांनी तेवढे भरून निघायला ३९ महिने लागतील. नव्या कंपनीला विचारा नऊ महिने थांबतील का. नाही म्हणाले तर हा आकडा दाखवून जॉइनिंग बोनस मागा.

पावसाळी_ढग

असं मागता येतं हेच माहीत नव्हतं. उद्या फोन करते.